नुकतीच वाचून संपवलेली कादंबरी – धागा २

आडवाट

आधीचा धागा फार लांबला, मोबाइलवर उघडता उघडेना, म्हणून हा नवा. नियम जुनेच. कादंबरी पूर्ण वाचलेली असावी. मध्येच सोडली असेल तर तसं सांगा आणि का सोडली तेही सांगा. शेवट फोडणार असाल तर वर सूचना टाका. नुसतं 'छान आहे, आवर्जून वाचा' लिहायचं असेल तर मनातल्या मनात लिहा.

सुरुवात मी करतो. पाठोपाठ दोन वाचल्या: विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आणि कृष्णात खोतांची 'रिंगाण'. दोन्ही धरणाने उठवलेल्या माणसांच्या. दोन्हींना साहित्य अकादमी, एकीला १९९२ सालचा पुरस्कार, दुसरीला २०२३ सालचा.

'झाडाझडती' कॉलेजात असताना वाचली होती, तेव्हा भारावून गेलो होतो. या वेळी दमलो. जांभळी गाव, खैरमोडे गुरुजी, मोजणी, मोबदला, पुनर्वसन, त्यातले दलाल, पुढारी, खाबू अधिकारी, काही म्हणता काही सुटलेलं नाही. लेखक महसूल खात्यात होते, त्यांना आतलं सगळं ठाऊक, आणि ठाऊक असलेलं सगळं त्यांनी पुस्तकात घातलंय. त्यामुळे बरीच पात्रं एकेका अन्यायाचा दाखला द्यायला येतात आणि दाखला देऊन झाला की निघून जातात.

'रिंगाण'मध्ये काय आहे? देवाप्पा, आणि गाव उठताना मागे राहिलेली म्हैस. तिला आणायला तो जुन्या रानात जातो आणि तोवर ती कुणाचीच राहिलेली नसते. एवढंच. मोबदला किती, कायदा कोणता, साहेब कोण, याला फारशी जागा नाही. तरी गाव उठणं म्हणजे काय ते मला तिथे जास्त कळलं.

तर माझं म्हणणं असं, की कादंबरीत माहिती जितकी कमी तितकी ती जास्त टिकते. चला, करा हल्ला.

सदाफुली

हल्ला नाही, पण तू 'रिंगाण' फारच सोपी करून सांगितलीस रे. मला ती जड गेली. पन्हाळ्याकडची बोली हे एक कारण, पण ते तितकंसं खरं नाही, बोलीची सवय होते. देवाप्पाच्या डोक्यात जे चालतं ते गोल गोल फिरतं. तोच विचार पुन्हा येतो, किंचित बदलून येतो. सुरुवातीला वाटलं, संपादकाने कात्री चालवायला हवी होती. मग काही पानं मोठ्याने वाचली, तेव्हा लय सापडली. तरीही मधला पाठलाग लांबलाय, यावर मी ठाम आहे.

म्हशीचं मात्र मान्य. जनावराला भाबडं न करता, माणसाचं मन त्याच्यात न कोंबता, एवढ्या ताकदीने उभं केलेलं मराठीत दुसरं काही चटकन आठवत नाही.

हेमाडपंथी

गोतावळा!

आनंद यादव, १९७१. मालकाच्या मळ्यावर राबणारा नारबा आणि मळ्यावरची जनावरं, हाच त्याचा गोतावळा. मग ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर जायला लागतं. कागलकडची बोली, आणि सगळं नारबाच्याच तोंडून. बैलाचं दुखणं, कोंबड्यांची भांडणं, कुत्र्याचं म्हातारपण, सगळ्याला माणसाएवढीच जागा. सदाफुली, तुम्ही वाचली नसेल तर हेवा वाटतो तुमचा.

चष्मेवाला

आडवाट, +१. 'झाडाझडती' दोनशे पानांनी कमी असती तर ग्रेट असती.

नवं गावठाण

इथे नुसता वाचत असतो, लिहीत नाही. पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमचं गाव धरणात गेलं. कोणतं धरण ते सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. माझा जन्म उठल्यानंतरचा, नव्या गावठाणातला. म्हणून हे नाव घेतलंय.

आडवाट, तुम्हाला जी माहिती वाटते ती आमच्या घरातली गोष्ट आहे. एकच उदाहरण देतो. आपल्याकडे पुनर्वसनाचा कायदा १९७६ सालचा, देशातला असा पहिला. त्याआधी कोयनेची वगैरे माणसं उठली ती कायद्याशिवायच. आता कायदा म्हणतो, जमिनीच्या बदल्यात जमीन मिळेल, पण तुला मिळालेल्या मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम सरकारजमा कर. ऐकायला सरळ आहे. पण मोबदला हातात पडतो तेव्हा घरात लग्नाची पोरगी असते, सावकार दारात असतो, आणि जन्मात एवढे पैसे एकदम न बघितलेला माणूस असतो. ६५ टक्के बाजूला काढून ठेवायचे, हे त्याला कोण सांगणार? सांगितलं तरी मुदतीत कोण भरून घेणार? ज्यांनी भरले ते आज बागायतदार आहेत. ज्यांनी नाही भरले त्यांची पोरं त्याच बागायतीत रोजाने जातात. एकाच भावकीतली. एवढा फरक पैसे भरल्याच्या एका चलनाने पडतो. आता हे चलन कादंबरीत आलं तर ती माहिती झाली का?

दुसरं. जमीन मिळते ती आभाळातून पडत नाही. धरणाच्या लाभक्षेत्रात ज्याची जमीन स्लॅबच्या, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या, वर आहे त्याची जादाची काढून आम्हाला देतात. ज्याची काढली तो काय आम्हाला ओवाळणार होता? कब्जेपट्टी हातात आली तरी नांगर घालायला गेलं की काठ्या निघतात. तो कोर्टात जातो, वर्षं जातात. पाणवठ्यावर, शाळेत, देवळात सगळीकडे आम्ही 'धरणग्रस्त'. उठलेल्या माणसाला सरकार नडतं हे सगळेच लिहितात. दुसरा शेतकरीही नडतो, आणि त्याचंही अगदीच चूक नसतं, हे 'झाडाझडती'त आहे. म्हणून ती जाड आहे. मला तरी त्यातलं एक पान कमी करता येणार नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. खैरमोडे गुरुजी फार धुतल्या तांदळासारखे आहेत. इतका सज्जन माणूस मध्ये ठेवला की वाचणाऱ्याला वाईट वाटून घ्यायला सोपं जातं. आमच्यातसुद्धा दुसऱ्याच्या नावावरचा प्लॉट हडपणारे होते, प्रकल्पग्रस्ताचा दाखला विकणारे होते. त्यांच्यावर अन्याय झाला नव्हता का? झाला होता की.

आणि 'रिंगाण'मधली म्हैस. समीक्षक तिला प्रतीक म्हणतात. असेल. पण नव्या गावठाणाला गायरान नसतं किंवा असलं तरी नावाला. जुन्या गावात डोंगर होता, जनावरं दिवसभर चरून यायची, खर्च शून्य. नव्या जागी वैरण विकत. म्हणून उठताना माणसांनी जनावरं मिळेल त्या भावाने विकली, भाकड होती ती तशीच सोडली. घराघरात झालेली गोष्ट आहे ती. खोतांनी ती जशीच्या तशी उचलली आणि तिच्यावरच थांबले, हे मला आवडलं. दोन्ही पुस्तकं पाहिजेत. एकाने दुसऱ्याला उणं का करायचं?

सदाफुली

नवं गावठाण, लिहीत जा हो. चलनाचा परिच्छेद दोनदा वाचला.

रानजाई

वाचनखूण साठवली.

आडवाट

नवं गावठाण, मनापासून आभार. चलनाचं मला ठाऊकच नव्हतं. तरी माझा मुद्दा अजून जिवंत आहे. चलनामुळे एका भावकीचे दोन तुकडे झाले हे तुम्ही वरच्या दहा ओळींत जसं सांगितलंत, तसं 'झाडाझडती'त किती वेळा होतं? तिथे बऱ्याचदा लेखक मध्ये येऊन समजावतो. पात्रं एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी एकमेकांना सांगत बसतात, कारण त्या मला सांगायच्या असतात.

उलट माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. १९५५ची, हातात घेतली की एका बैठकीत संपते. औंध संस्थानातला कोवळा मास्तर, धनगरांची वस्ती, कारभारी, आयबू, आनंदा रामोशी. मास्तर तालीम बांधायचं मनावर घेतो, गाव अंग मोडून ती बांधतं. मग पाऊस जातो आणि माणसं मेंढरं घेऊन निघून जातात. किती मेली, किती गेली, हिशेब नाही. वाडी रिकामी होते एवढंच दिसतं. गाव उठण्याबद्दल याहून चांगलं काही लिहिलं गेलंय का?

हेमाडपंथी

इथे गल्लत होतेय. दुष्काळ आणि धरण यांना एका मापाने मोजू नका. बनगरवाडीचे धनगर मेंढरं घेऊन जातात, ते तसेही दरवर्षी जातातच, वाडी जागेवर राहते. पाऊस पडला तर परतायची वाट मोकळी आहे. दुष्काळावर रागवायचं तरी कुणावर? म्हणून माडगूळकरांना तो शांत सूर परवडतो. धरण कुणीतरी ठरवलेलं असतं, त्याच्यावर सही असते. सही आली की कागद आला आणि कागद आला की जाड कादंबरी आली.

मुळशीचंच बघा. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, शंभर वर्षं उलटून गेली. एवढा ऐवज असताना आपल्याकडे धरणावरच्या कादंबऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. ऐतिहासिक कादंबऱ्या मात्र कपाटं भरून.

(थोडं अवांतर: उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. उन्हाळ्यात तिथे हौशी फोटोवाल्यांची जत्रा भरते. 'पाण्याखालचं रहस्यमय मंदिर' वगैरे मथळे. रहस्य कसलं डोंबलाचं? गाव होतं ते.)

खुळखुळा

मी इथे नवीन. वय विचारू नका, पण 'तुंबाड' सिनेमा थिएटरात पुन्हा लागला तेव्हा पाहिला आणि कुणीतरी म्हणालं की याच नावाची पेंडश्यांची जुनी कादंबरी आहे. आणली. दोन खंड!! मला वाटलं सिनेमातला तो हस्तर राक्षस येईल, सोन्याची नाणी येतील. आला गणपती, आली वाटणी, आलं भाऊबंदकीचं भांडण, मग पुढची पिढी, पुन्हा भांडण. हस्तर काही आला नाही.

पण सोडली नाही. संपवली. पेंडश्यांची माणसं बोलायला लागली की थांबवत नाही. दोन खंड संपल्यावर घरात एकदम माणसं कमी झाल्यासारखं वाटलं. हे नॉर्मल आहे का?

खारेवारे

नॉर्मल आहे बाळा, सगळ्यांचंच होतं. त्या सिनेमाची गोष्ट नारायण धारपांच्या वाटेने जाणारी. कादंबरीकडून घेतलं ते नाव.

'तुंबाडचे खोत' १९८७ची. जगबुडी नदीकाठचं तुंबाड, खेड तालुका. मी त्याच पट्ट्यातला, त्यामुळे आमच्याकडे ती कादंबरी म्हणून वाचतच नाहीत, हा खोत म्हणजे अमक्याचे आजोबा असणार, यावरच वाद. पेंडसे स्वतः दापोलीजवळच्या मुर्डीचे. 'गारंबीचा बापू' लहानपणी सगळेच वाचतात, पण खरा माल तुंबाडात आहे. चार पिढ्यांत एका घराण्याची मस्ती कशी चढते आणि कशी उतरते, ते एवढ्या ऐसपैसपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. आडवाट यांच्या नियमाने ही कादंबरी पहिल्या फेरीतच बाद व्हायची!

नवं गावठाण

एक विचारू का? खोतांच्या चार पिढ्या आल्या, त्यांची कुळं किती पिढ्या आली?

खारेवारे

प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच विचारलाय.

कुळं येतात, पण अंगणापर्यंत. माजघरात फक्त खोत. खोताच्या जुलुमाकडेसुद्धा आपण खोताच्याच ओटीवर बसून बघतो. त्यातून 'आडदांड होता, पण माणूस दिलाचा' असा एक सूर येतो, तो मला वाढत्या वयात खटकायला लागलाय. त्याच काळात कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरीत, नारायण नागू पाटलांच्या मागे कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत जमिनी कसल्या नाहीत. उपाशी राहिले, पण नांगर घातला नाही. १९३७ साली बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं. प्रत्यक्षात कायदा झाला १९४९ साली. म्हणजे खोतांच्या पडतीमागे घराण्यातली भांडणं, देवाचा कोप, नशीब एवढंच नव्हतं, खालून रेटा होता. कादंबरी वाचून हा रेटा कळत नाही.

तरीही मी ती दर दोनतीन पावसाळ्यांत काढतोच. आवडतं त्याला इलाज नाही.

चष्मेवाला

हे असं प्रत्येक कादंबरीला विचारायला लागलो तर एकही उरणार नाही. पेंडश्यांनी जे घराणं त्यांना दिसलं ते लिहिलं. चरीची कादंबरी चरीच्या माणसाने लिहावी.

नवं गावठाण

लिहावी की. पण लिहायला बसायला ओटी लागते, चष्मेवाला.

आडवाट

बाजू दोन्ही खऱ्या आहेत. पण आपण आता संपवलेल्या कादंबऱ्यांवरून न लिहिलेल्या कादंबऱ्यांवर आलोय. धागा जरा मागे ओढूया. कुणी काय संपवलं?

वऱ्हाडी ठेचा

मी बाप्पा 'धग' संपवली. उद्धव शेळके, १९६०. आमच्या भागाची म्हणून लहानपणापासून नाव ऐकत होतो, वाचायची राहूनच गेली होती.

कौतिक नावाची बाई. नवरा महादेव शिंपी, कामापेक्षा कंटाळा मोठा. ती मजुरी करते, पोरांना पुढे काढायचं म्हणून धडपडते. नवऱ्याला महारोग होतो. थोरल्याचं वेगळंच चालू. म्हणजे एक दार उघडलं की दुसरं तोंडावर आपटतंय, असं शेवटपर्यंत. आणि शेळके कुठेच रडत नाहीत. 'बिचारी' असा एक शब्द टाकत नाहीत. वऱ्हाडी बोली तर अशी, की माझी आजी शेजारी बसून बोलते का काय.

आडवाटभाऊ, तुमच्या नियमात ही बसते. माहिती काहीच नाही. पण मला एक तक्रार करायची आहे, रागावू नका. इतकं सोसणं एकाच बाईच्या वाट्याला दिलं की दोन तृतीयांशानंतर मन बधिर होतं. पुढचं संकट आलं की 'हं, आलं' एवढंच वाटतं. लेखकाने एखादा हसायचा दिवस तिला द्यायला पाहिजे होता ना. गरीब घरात काय हसत नाहीत? आमच्या घरी तर रोज.

सदाफुली

ठेचा, मला उलट वाटलं. ती बधिरता कौतिकलाही येते. ती पुढे पुढे विचारच करत नाही, फक्त करत राहते. आपल्यालाही तिथेच नेऊन ठेवलंय त्याने. आणि एक सांगू? बाईच्या सोसण्याची कादंबरी म्हणून ती अभ्यासक्रमात लावतात, पण मला त्यात महादेव जास्त भिववतो. वाईट नाही तो. मारकुटा, दारुडा असं काहीही मोठं नाही. नुसता सैल माणूस. असे किती बघितलेत आपण.

वऱ्हाडी ठेचा

हे बरोबर पकडलं ताई. आमच्या गल्लीत चार निघतील.

एल्बेकाठी

हॅम्बुर्गहून लिहितेय. इथे मराठी पुस्तकं भावाच्या बॅगेत जागा उरली तरच येतात, त्यामुळे पातळ पुस्तकांना प्राधान्य! या खेपेला 'रणांगण' आलं. विश्राम बेडेकर, १९३९.

शाळेत कुणीतरी 'मराठीतली पहिली आधुनिक प्रेमकथा' वगैरे सांगितलं होतं, तेव्हा वाचायचं मन झालं नाही. आता वाचलं आणि हादरले. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांच्यात हॅर्टा, आणि हिंदुस्थानात परतणारा चक्रधर. बाकी सगळं बोटीवर. शेवट सांगत नाही.

साल बघा: १९३९. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असण्याची शक्यताच नाही. छळछावण्यांतल्या कत्तली अजून व्हायच्या होत्या. मी जिथे राहते तिथे फुटपाथवर, घरांच्या दारासमोर, पितळी चौकोन बसवलेत. त्यावर तिथून नेलेल्या ज्यू माणसाचं नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. रोज त्यावरून जाते. त्यामुळे बोटीवरची माणसं 'आपल्याला कुठला देश घेईल' यावर बोलतात तेव्हा माझ्या अंगावर काटा येत होता. तेव्हा व्हिसा न मागणारं शांघायसारखं बंदर एखादंच. बाकी जगाने दारं लावून घेतली होती.

चक्रधर मात्र मला सहन झाला नाही. आधीच्या प्रेमात पोळला म्हणून सगळ्या बायकांवर राग, आणि त्याला तत्त्वज्ञानाचा साज. हॅर्टा त्याच्यापेक्षा हजारपटीने मोठी आहे. लेखकाला हे ठाऊक होतं की नाही, यावर माझं मत अजून ठरत नाही.

हेमाडपंथी

ठाऊक होतं. नाहीतर नायकाचं आडनाव 'विध्वंस' ठेवलं नसतं. त्याला मोठा करायचाच नव्हता बेडेकरांना. तो सुशिक्षित, हुशार आणि ऐन वेळी कुचकामी. त्या पिढीतल्या एका जातीच्या तरुणाचं इतकं निर्दय चित्र दुसरं नाही.

एल्बेकाठी

पटतंय असं वाटतं, पण मग त्याच्या तोंडची लांबलचक भाषणं लेखकाला इतकी आवडल्यासारखी का वाटतात?

रानजाई

ऐतिहासिक कादंबऱ्यांनी कपाटं भरलीत असं वर कुणीतरी म्हणालं, म्हणून धीर करून लिहिते. मी त्याच वाचत मोठी झाले. पण गेल्या महिन्यात नंदा खरेंची 'अंताजीची बखर' संपवली आणि आता बाकीच्या हातात घेववत नाहीत.

अंताजी खरे हा काही वीर नाही. हेरगिरी करतो, जीव वाचवतो, खाण्याचा शौकीन, स्वतःच्या भित्रेपणावर स्वतःच हसतो. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या त्याच्या नजरेतून येतात. आपण ज्याला मुलूखगिरी म्हणून अभिमानाने शिकलो ती बंगालच्या रयतेला कशी दिसत होती, ते त्यात आहे. बंगालीत आजही लेकरांना झोपवताना बर्गी आले म्हणून भीती घालतात, ते बर्गी म्हणजे आपणच. शाळेच्या पुस्तकात एवढं एक वाक्य असतं तरी पुरलं असतं.

भाषा जुन्या बखरीची, पण वाचताना हसून पोट दुखतं. पुढचा भाग 'बखर अंतकाळाची' मागवलाय. खरेंची 'उद्या' कुणी वाचलीय का? २०२० चा साहित्य अकादमी त्यांनी नाकारला तो तिच्यासाठीच ना?

चष्मेवाला

हो, तिच्यासाठीच. पुरस्कार घेणं त्यांनी काही वर्षं आधीच थांबवलं होतं. 'उद्या' मी अर्धी सोडली. नियमाप्रमाणे कारण सांगतो: जवळच्या भविष्यातली आहे, पाळत, कंपन्या, जंगल, सगळीकडे एकदम जाते, आणि मी रात्री झोपण्यापूर्वी वाचतो. झोप उडायची. हा दोष पुस्तकाचा नाही.

पूर्ण केलेली म्हणजे हमीद दलवाईंची 'इंधन', १९६५. वर तुंबाडवर एवढं घमासान झालं म्हणून ती काढली, आणि खारेवारे, तुम्ही ती लगेच वाचा. मुंबईत राहिलेला, आजारी पडून गावी परतलेला मुसलमान तरुण सांगतोय. कोकणातलंच गाव. मुसलमान, बामण, कुळवाडी, बौद्ध, प्रत्येकाच्या वाड्या आणि प्रत्येकाचा हिशेब. कुरबुरी छोट्या छोट्या. मग त्या एकात एक अडकत जातात आणि दंगल होते. कोण सुरुवात करतं हे सांगायला गेलात तर सांगता येत नाही, इतकं ते बारीक विणलंय. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, वाशिष्ठीकाठचे. तुमची जगबुडी पुढे वाशिष्ठीलाच मिळते ना? तेच पाणी, आणि माणसं किती वेगळी दिसतात.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे, की सांगणारा स्वतः देवधर्म न मानणारा, सुधारक विचारांचा, पण गावात त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नाही. दोन्हीकडचे त्याला पाहुणा समजतात. मुस्लिम सत्यशोधक मंडळ दलवाईंनी काढलं १९७० साली, म्हणजे या कादंबरीनंतर पाच वर्षांनी. आपल्यासारख्या माणसाला गावात कुणी विचारत नाही, हे आधी स्वतःच लिहून मग त्याच कामाला लागला हा माणूस. भारीच.

खारेवारे

वाशिष्ठीलाच मिळते, बरोबर. 'इंधन' नाव ऐकून आहे, दुकानात विचारलं तर स्वयंपाकाच्या गॅसचं पुस्तक समजले. कुठे मिळाली?

चष्मेवाला

जिल्हा वाचनालयात. पुठ्ठा सुटलाय, पण पानं सगळी आहेत. पुढच्या आठवड्यात परत करायची आहे.

सदाफुली

परत करण्याआधी शेवटच्या दोन प्रकरणांवर इथे सविस्तर लिही ना. सूचना टाकून. मी खूप पूर्वी वाचलीय, आणि शेवटी सांगणारा गाव सोडून जातो ते मला तेव्हा पळपुटेपणा वाटला होता. तुला काय वाटलं?

नवं गावठाण

मलाही ऐकायचंय. आणि ठेचाभाऊ, 'धग' इकडे कुणाकडे मिळेना. तुमच्याकडची पाठवता का? पोस्टाचा खर्च माझा.

वऱ्हाडी ठेचा

खर्चाचं काय बोलता. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा, सोमवारी टाकतो. बदल्यात 'रिंगाण' पाठवा. म्हैस बघायची आहे मले.